‘जन्मजात’, ‘कवाट’ आणि ‘शोथ’

खानापूरहून प्रश्न:
वयाच्या ४६ व्या वर्षी आईच्या हृदयाच्या पडद्याला जन्मजात छिद्र असल्याचे इकोत दिसले. जन्मजात दोष इतकी वर्षे लपेल कसा, आणि तो आम्हा भावंडांतही असणार काय, असा घरात वाद आहे. शिवाय बेळगावच्या दवाखान्यात सिस्टर कन्नडमधून ‘कवाट’ चांगले आहे म्हणाल्या, त्याचा अर्थ काय?

निपाणीहून उत्तर:
‘जन्मजात’ म्हणजे जन्मतः असलेले. जन्मताच कळलेले नव्हे, आणि ‘आनुवंशिक’ही नव्हे, जरी काही घराण्यांत असे दोष एकाहून अधिक जणांत आढळत असले तरी. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असले की डावीकडचे रक्त उजवीकडे जात राहते, उजवी बाजू तो जादा भार वर्षानुवर्षे मुकाट सोसत मोठी होत जाते, आणि चाळिशीत जिना चढताना दम लागू लागला की मग कोणी छातीला नळी लावून पाहतो. हृदयाचा दुसरा ध्वनी (‘लब-डब’मधला ‘डब’) तेव्हा दुभंगलेला ऐकू येतो आणि श्वास घेतला काय, सोडला काय, त्या दोन तुकड्यांतले अंतर बदलत नाही.

‘कवाट’ म्हणजे आपले कवाडच. दोन्ही संस्कृत ‘कपाटा’ची लेकरे. मराठीत आपण झडप म्हणतो, पण घारही झडप घालते, त्यामुळे मला कन्नड शब्दच अधिक नेमका वाटतो.

चिकोडीहून पुरवणी प्रश्न:
मग झडपेच्या संसर्गाला ‘अंतर्हृद्‌शोथ’ म्हणणे योग्य आहे काय?

निपाणीहून उत्तर:
शब्द शुद्ध आहे, पण ‘शोथ’ ऐकून माणूस सुजेचे औषध मागेल. झडपेवर जंतू, प्लेटलेट आणि फायब्रिन (रक्त गोठवणारे घटक) यांचा जो लोंबता गोळा धरतो, त्याला डॉक्टर ‘व्हेजिटेशन’ म्हणतात; त्यासाठी ‘जंतुगोळा’ चालावा. वरच्यासारख्या छिद्रात हा संसर्ग क्वचित होतो. महाधमनीच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतील तर धोका अधिक असतो. आपल्याकडे या संसर्गाचा रेंगाळणारा ताप मेडिकलमधल्या गोळ्यांवर काढतात, आणि प्रतिजैविक पोटात गेल्यावर घेतलेल्या रक्तात प्रयोगशाळेत जंतू अनेकदा वाढतच नाहीत. म्हणून औषधाआधी वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून रक्ताचे तीन संच घेतात. हा संसर्ग ओळखण्यासाठीच्या १९९४ च्या ड्यूक निकषांत निदान ‘निश्चित’, ‘शक्य’ किंवा ‘बाद’ ठरते. त्यातल्या ‘शक्य’ला ‘संभाव्य’ म्हणू नये, कारण ‘संभाव्य’मध्ये घडण्याकडे कल असतो आणि ‘शक्य’मध्ये तो नसतो.