मदत हवी आहे: वडिलांशिवायची पहिली आखाजी

आमचं माहेर धुळे तालुक्यात, सासर जळगावला. लग्नाला 14 वर्षं झाली, पण वैशाख लागला की मन अजूनही माहेरी धावतं. खान्देशात सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, ओढ जास्त, हे इथल्या बायांना सांगायला नकोच.

अंगणातल्या निंबाला झोका बांधायचा मान वडिलांचा, आमच्या अण्णांचा. दोर स्वतः ओढून बघायचे, आधी स्वतः बसायचे, मगच आम्हा बहिणींना बसू द्यायचे. आई खापरावर पुरणपोळ्या टाकायची आणि आमरसाचं पातेलं दुपारपर्यंत रिकामं व्हायचं. सांजोऱ्या तर आम्ही गौराईच्या आधीच पळवायचो.

अण्णा कार्तिकात गेले. यंदा आखाजीच्याच दिवशी त्यांच्या नावाची घागर भरायची आहे, पितरांसाठी पाण्याची भरून पुजतात ती. घागरीवर ठेवायचं डांगर (खरबूज) बाजारातून वाजवून, वास घेऊन तेच निवडून आणायचे. आता ते त्यांच्यासाठी आणायचं, या विचारानेच हात थरथरतो.

आई म्हणते, झोका नको, गौराई नको, फक्त घागर. भाऊ म्हणतो, मुऱ्हाळी म्हणून तुला न्यायला येतो, पण ठरव तू. माझी मुलगी 9 वर्षांची आहे, ती रोज झोक्याचं विचारते. मलाही झोका हवासा वाटतो आणि लगेच अपराधी वाटतं.

तुमच्याकडे वर्षाच्या आत घागर भरतात का? सकाळी घागर आणि संध्याकाळी मुलींसाठी झोका, असं कुणी केलंय का? आईला न दुखवता कसं बोलू? कृपया तुमच्या घरचं सांगा.