मदत हवी आहे: लेकाचं मेटल संगीत आणि घरचा हरिपाठ

आम्ही परभणीकडचे, घर माळकरी. लेक लातूरला नीटची तयारी करतोय. दिवाळीला आला तर हेडफोनमधून मेटल, म्हणजे ते कर्कश रॉक संगीत, नुसतं किंचाळणं ऐकू यायचं. हरिपाठाला टाळ धरणारं लेकरू दार लावून बसलं. विचारलं तर म्हणे, "आई, याच्यानं डोकं शांत होतं." अन् बाहेर आला तेव्हा चेहरा खरंच निवळलेला होता.

2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने अशा संगीताच्या 39 चाहत्यांना आधी राग आणला. त्यातल्या ज्यांनी मग संगीत ऐकलं, त्यांची चिडचिड उतरली. नुसतं शांत बसलेल्यांचीही उतरली.

पण त्या गाण्यांतलं रक्त, मरण मनात झिरपत असेल का? नामस्मरणातली गोडी जाईल का? बंद करायला सांगू, की शेजारी बसून ऐकू? कुणाला अनुभव असेल तर सांगा, जीवाला घोर लागलाय.