तिसऱ्यांदा बदल सांगितलाय, जास्तीचे पैसे कसे मागू?

कृष्णाकाठ, सांगली
नोकरी सोडून सहा महिने झाले, लेखनाची कामं घेते. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांची माहितीपुस्तिका लिहितेय. बोलणं झालं ते असं: आठ पानं, १,५०० शब्द, ६,००० रुपये. त्यातले २,००० आगाऊ मिळाले.

पहिला मसुदा वाचून शेठ "झकास" म्हणाले. दोन दिवसांनी निरोप, भाषा सोपी करा, शेतकरी वाचणार आहेत. केली. मग त्यांच्या मेहुण्यांना हरिपूरच्या पेवांची माहिती हवी झाली. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. हरिपूरला जाऊन एका आजोबांशी दोन तास बोलले. जमिनीत खणलेल्या त्या पेवांत हळद कशी भरायचे, तोंड कसं बंद करायचे, २००५च्या महापुरात पाणी शिरून किती पेवं गेली, सगळं ऐकून दोन पानं लिहिली. काल रात्री साडेदहाला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज: पेवं काढा, परदेशातल्या खरेदीदाराला त्याचं काय? हळदीतला पिवळा घटक कर्क्युमिन आणि सांगलीच्या हळदीला २०१८ला मिळालेलं भौगोलिक मानांकन वर घ्या.

माणसं चांगली आहेत, चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. म्हणूनच पैशांचं बोलायला जीभ रेटत नाही. कसं बोलू?

खिळे ते ऑफसेट, सातारा
ताई, पैशांच्या आधी एकच विचारा: पुस्तिका कुणाच्या हातात पडणार? शेतकरी आणि परदेशी खरेदीदार, या दोन पुस्तिका आहेत. शेठ बदलत नाहीयेत, त्यांचं अजून ठरलंच नाहीये. हे पहिल्याच दिवशी विचारायचं असतं.

दुसरं, दुरुस्ती वेगळी आणि बदल वेगळा. चुकलेला शब्द, राहिलेला फोन नंबर ही दुरुस्ती. ती दोनदा फुकट करून द्या. वाचकच बदलला तर ते नवं काम. व्हॉइस मेसेज आला की त्यातलं लिहून परत पाठवत जा: "शेठ, तुम्ही पेवांची पानं काढून मानांकनाचं घालायला सांगितलंत. हे ठरलेल्या कामाबाहेरचं आहे, १,५०० रुपये जास्त होतील. हो म्हणालात की सुरू करते." 'हो' येईपर्यंत पेन उचलायचं नाही.

अडत्याचा मुलगा
वरचं पटलं, पण नुसता मेसेज टाकू नका, शेठना राग येईल. दुपारी सौदे उरकल्यावर समोर जाऊन बसा. दोन्ही मसुदे छापून न्या आणि मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडं सौद्यात दर ठरला की मागं फिरत नाहीत. तसंच तुमचंही ठरवून घ्या. मेसेज तिथून उठल्यावर टाका.

हिशेबनीस
उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट आहे. लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्यानं लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाला बिलाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. पुढचं काम घ्यायच्या आधीच करा.

कृष्णाकाठ, सांगली
काल जाऊन आले. पेवांची पानं वाचत होते तेव्हा शेठनी फोन उलटा ठेवला. आजोबांनी सांगितलेलं, पेव उघडल्यावर कंदील खाली सोडून हवा बघायचे, तिथं म्हणाले, "थांबा, हे परत वाचा." त्यांचे वडील हरिपूरला पेवावर कामाला होते, हे मला काल कळलं.

ही पुस्तिका खरेदीदारांसाठीच, असं ठरलं. बदलाचे १,५०० मान्य. पेवांची पानं शेतकऱ्यांसाठीच्या वेगळ्या पुस्तिकेत जातील, तिचे ३,०००, त्यातले १,००० तिथंच दिले. आधी सोपी करून दिलेल्या भाषेचे मात्र मागितले नाहीत, ते काम मी न बोलता केलं होतं. घरी येऊन सगळं लिहून पाठवलं, "ओके" आलंय. मेहुण्यांना शेठच सांगणार आहेत.