मीनाकाकूंचा अंगठा

मीनाकाकू (बी-३०४): पायाचा फोटो टाकतेय, नाकं मुरडू नका. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलंय. बाजारातून आलं की ठणकतं. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आणि नव्या सँडलमध्ये पाय शिरत नाही.

कुलकर्णी काका (ए-१०१): यूरिक ॲसिड! मलाही तिथेच झालं होतं. डाळी बंद करा.

प्राजक्ता (सी-२०२): काका, तुमचा अंगठा एका रात्रीत लालबुंद झाला होता, चादर टेकली तरी ओरडत होतात. तो गाऊट, यूरिक ॲसिडने सांधा सुजतो तो. काकू, तुमचं कधीपासून?

मीनाकाकू: पाच-सहा वर्षं तरी. हळूहळू आलं. आईचे पाय अगदी अस्सेच होते.

प्राजक्ता: मग ‘बनियन’ (bunion) वाटतंय, अंगात घालायचं नव्हे. मी फिजिओ, त्यामुळे नक्की काय ते ऑर्थोच सांगतील. पण यात हाड वाढत नाही, सरकतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या बाजूला झुकतं, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो, मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. पायाची ठेवण घराण्यातून येते, निमुळत्या चपला त्यात भर घालतात.

नितीन (ए-४०३): ऑनलाइन बोटांच्या मध्ये घालायचा सिलिकॉनचा स्पेसर मिळतो. ३० दिवसांत अंगठा सरळ, असं लिहिलंय.

वंदनाताई (बी-१०२): लिहिलेलं असतंच. मी तीन घेतले, एक अजून फ्रिजवर पडलाय. घातला की बरं वाटतं, काढला की अंगठा होता तिथेच.

प्राजक्ता: बरोब्बर. बोटं एकमेकांवर घासत नाहीत, एवढाच फायदा. खरा उपाय चपलेत. काकू, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा अनवाणी कागदावर उभ्या राहा. पेन्सिलीने कड काढा, त्यावर सँडल ठेवा.

मीनाकाकू: ठेवली. दोन्ही बाजूंनी पाय बाहेर डोकावतोय गं! ही सँडल आहे का चिमटा?

कुलकर्णी काका: मेडिकलमध्ये पायाच्या कुरूपावर लावायची पट्टी, कॉर्न कॅप मिळते, ती लावा.

प्राजक्ता: नको! त्यात ॲसिड असतं, आणि हे कुरूप नाही. तुम्हाला तर शुगर आहे काका, तुम्ही पायाला असलं काही लावूच नका. काकू, पुढून रुंद, मऊ चप्पल घ्या. दुखलं की फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा.

मीनाकाकू: आणि ऑपरेशन?

वंदनाताई: माझं झालंय. आधी उभं राहून एक्स-रे काढला, अंगठा किती कललाय ते त्यात मोजतात. १५ अंशांच्या पुढे गेला की बनियन म्हणतात. पण डॉक्टर म्हणाले, नुसतं वाकडं दिसतं म्हणून कापायचं नाही. रुंद चप्पल घालूनही दुखत असेल तरच. हाड कापून सरळ केलं, स्क्रू बसवला. सहा आठवडे तो बोजड बूट, सूज जायला सहा महिने. लग्नाच्या तोंडावर विचारही करू नका.

सेक्रेटरी: उद्या दुपारी ४ ते ६ पाण्याची मोटर बंद राहील. व्यक्तिगत चर्चा खासगीत करावी. प्राजक्ता, कागदावर दोन्ही पायांचं माप घ्यायचं ना?

प्राजक्ता: हो, दोन्ही. मोठा भरेल त्या पायाच्या मापाची घ्या.

मीनाकाकू: सँडल परत देऊन आले. नऊवारी नेसणार नाही आता, घोळदार सहावारी आणि खाली चालायचे बूट. भाचीला आत्ताच कुणी सांगू नका, ती याच ग्रुपवर

मीनाकाकू: अगंबाई. आहे ना ती?