हाताने वाढवलेले बजरीगरचे पिल्लू कडकडून चावते

प्रश्न

माझ्याकडील बजरीगरच्या (लहान पाळीव पोपटाच्या) मादीने पिल्लांना भरवणे अचानक सोडून दिले, तेव्हा दोन्ही पिल्ले १७ दिवसांची होती. डोळे उघडलेले होते आणि पिसांच्या नळ्या नुकत्याच फुटू लागल्या होत्या. तेव्हापासून पिल्लांसाठीचे तयार पूड-खाद्य कोमट पाण्यात कालवून मी त्यांना सिरिंजने भरवत आले. दोघेही जगले, याचे मला फार समाधान आहे. आता ते ७ आठवड्यांचे आहेत, दाणे सोलून खातात आणि फक्त संध्याकाळी एकदा सिरिंज मागतात. अडचण त्यांपैकी एकाची आहे. पिंजऱ्यात हात घातला की तो नखाच्या कडेची कातडी पकडतो आणि रक्त येईपर्यंत सोडत नाही. मी झटकन हात मागे घेते, मोठ्याने "नाही" म्हणते आणि कधी कधी शिक्षा म्हणून त्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवते. तरीही चावणे वाढतच चालले आहे. दुसरा मात्र खांद्यावर निवांत बसतो. माझ्याच हातून खाऊन वाढलेला पक्षी मला का चावत असावा?

उत्तर १

हाताने भरवलेल्या पिल्लाला माणसाची भीती कमी असते, परंतु त्यामुळे ते न चावणारे होते असे नाही. उलट, घाबरणारा पक्षी पळून जातो आणि न घाबरणारा पक्षी जागेवर राहून चोचीने आपले म्हणणे सांगतो. शिवाय या वयात चोच हेच त्याचे चाचपण्याचे साधन असते: फांदीवर पाय ठेवण्यापूर्वी ती आपले वजन पेलेल का, हे तो चोचीने धरून पाहतो, आणि आपले बोटही तसेच धरतो. नेमक्या त्याच क्षणी बोट मागे गेले, तर फांदी भरवशाची नाही हे त्याला कळते; आणि हात नकोसा असताना चावला असेल, तर चावल्याने हात जातो हेही कळते. मोठ्याने बोलणे बहुतेक बजरीगरांना शिक्षा वाटतच नाही, कारण ते स्वतःच गोंगाट करणारे, थव्यात राहणारे पक्षी आहेत. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवणे तर कृपया आजच थांबवावे. चावणे आणि एकटे पडणे यांचा संबंध त्याला जुळवता येत नाही आणि भावंडाचा सहवास मात्र तुटतो. किती जोरात चावले की समोरचा ओरडतो व दूर होतो, हे तो त्या भावंडाकडूनच शिकत असतो.

चावण्याच्या आधीचा एक क्षण पाहण्याची सवय लावावी. पिसे अंगाला चिकटून तो सडपातळ दिसू लागला, मागे झुकला किंवा चोच किंचित उघडली, तर हात तिथेच स्थिर ठेवावा. पुढेही नेऊ नये आणि झटकूनही घेऊ नये. तो सैल झाल्यावर हात सावकाश काढावा, म्हणजे न चावताही आपले म्हणणे ऐकले जाते, हे त्याला उमगते. या वयात बहुतेक रंगांच्या बजरीगरांचा डोळा पूर्ण काळा दिसतो, बाहुलीभोवतीचे फिकट कडे काही महिन्यांनी उमटते. म्हणून मोठ्या पोपटांप्रमाणे डोळ्यांवरून अंदाज बांधू नये, पिसे आणि मान पाहावी.

बोटावर येण्याचा सराव पिंजऱ्याबाहेर, पाच मिनिटांहून अधिक नाही, असा घ्यावा. आरंभी बोटाऐवजी लाकडी दांडी पायांच्या किंचित वर पोटाला हलकेच टेकवावी, तो चढला की राळ्याच्या कणसाचे दोन-चार दाणे द्यावेत, आणि दांडी दिवसेंदिवस अशी आखूड धरावी की शेवटी बोटच त्याच्या पायांजवळ येईल.

उत्तर २

वरील उत्तर योग्य आहे, पण संध्याकाळच्या सिरिंजकडेही पाहावे. चावणे त्या वेळेच्या आसपास अधिक होत असेल, तर ती भूक असू शकते. आजवर अन्न हातातूनच आले असल्याने हात आणि अन्न यांतील फरक त्याच्यासाठी अजून स्पष्ट नाही. सिरिंज एकदम बंद करू नये. ७ आठवड्यांचे पिल्लू सहसा स्वतः खाते, पण ज्याला आधार हवा त्याला तो आणखी काही दिवस देण्यात नुकसान नाही. रोज सकाळी खाण्यापूर्वी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. वजन टिकले तरच भरवणे कमी करावे. खाद्याचे तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस असावे आणि ते तापमापकानेच पाहावे. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या खाद्यात मध्येच चटका देणारे भाग राहतात आणि त्यांनी अन्नपिशवी भाजते. एकदा तोंड पोळलेले पिल्लू पुढे हाताला का नाकारते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्नकर्ती

तापमान मी नेहमी मोजते. वेळेचे मात्र खरे आहे: तो सकाळी क्वचितच चावतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. पिंजऱ्याचे दार वरच्या बाजूला आहे, त्यामुळे हात नेहमी त्याच्या डोक्यावरून आत येतो. दुसरा पक्षी तळाच्या दांडीवर बसतो, हा सर्वांत वरच्या.

उत्तर २

मग आधी तेच बदलावे. बजरीगरला शिकारी पक्षी आकाशातून येणारा माहीत असतो. वरून येणारा हात, तोही सर्वांत वरच्या दांडीपर्यंत, त्याला मागे सरकायला जागाच ठेवत नाही. बाजूला दार असलेला पिंजरा घ्यावा, हात छातीच्या पातळीखालून, त्याला दिसेल असा न्यावा, आणि तोवर पाणी-दाणे बदलण्याचे काम दोघे बाहेर असतानाच उरकावे. इतके करूनही तो दिवसभर पिसे फुगवून बसू लागला किंवा वजन उतरले, तर तो सवयीचा प्रश्न समजू नये आणि पक्ष्यांच्या पशुवैद्याला त्याच दिवशी दाखवावे.