काम दिलं, पण निर्णयाचं काय?

वर कुणीतरी लिहिलंय की काम सोपवलं तरी माणसं सारखी विचारायला येतात, त्यापेक्षा स्वतःच केलेलं बरं. येतात हे खरं. पण बहुतेकदा काम दिलेलं असतं आणि निर्णय साहेबांनी स्वतःकडेच ठेवलेला असतो, मग बिचारे विचारणार नाहीत तर काय?

यावर डेव्हिड मार्के या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याचा उपाय बघण्यासारखा आहे. १९९९मध्ये 'सांता फे' ही अणुपाणबुडी त्यांच्याकडे ऐनवेळी आली. तयारी दुसऱ्याच पाणबुडीची झालेली. एका सरावात त्यांनी या पाणबुडीवर नसलेल्याच वेगाचा हुकूम दिला आणि हाताखालच्या अधिकाऱ्याने, माहीत असूनही, तो तसाच पुढे दिला! त्यानंतर परवानगी मागणं बंद. 'मी अमुक करणार आहे' असं कारणासकट सांगायचं, कप्तानाने होकार द्यायचा किंवा अडवायचं. आमच्या टीममध्ये हे चालू केल्यावर लोकांचं येणं फारसं कमी झालं नाही, पण येताना उत्तर घेऊन यायला लागले. नवख्या माणसावर मात्र हा प्रयोग लगेच करू नये, त्याला आधी काम नीट शिकवावंच लागतं.