अर्जुनसालीचा काढा पाण्यात की दुधात?

रसायन_प्रेमी
अर्जुनसादड्याची साल दुधात उकळायची रीत सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिची अँटिऑक्सिडंट ताकद मुख्यतः टॅनिन (तुरट द्रव्य) आणि फ्लॅव्होनॉइड या वनस्पतीजन्य घटकांमध्ये असते. दुधातलं केसिन हे प्रथिन टॅनिनला धरून बसतं, म्हणून डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या रंगाच्या चाचणीत आकडा घसरतो. 16 पट पाण्यात उकळून चौथाई उरवलेला साधा काढा घ्यावा.

क्षीरपाक
आकडा घसरतो, पण मोजता कसा? डीपीपीएचचं जांभळं द्रावण मिथेनॉलमध्ये करतात आणि 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग किती उतरला ते बघतात. त्यात दूध पडलं की प्रथिनं साकळतात, द्रव गढूळ होतो आणि यंत्राला वाटतं रंग उतरलाच नाही. सेंट्रिफ्यूज करावं, तर प्रथिनाला चिकटलेलं टॅनिन साक्याबरोबर तळाला जातं. शिवाय अर्जुनोलिक आम्लासारखी ट्रायटर्पीन गटातली द्रव्यं पाण्यात जेमतेम उतरतात, त्यांना स्निग्धांश लागतो.

रसायन_प्रेमी
गढूळपणा नको तर आम्लता स्थिर ठेवणाऱ्या पाण्याच्या द्रावणात (बफरमध्ये) एबीटीएस ही तशीच दुसरी रंगाची चाचणी करा, 734 नॅनोमीटरला वाचा. आणि स्निग्धांश म्हणाल तर काढ्यातल्या 40 मिली गाईच्या दुधात तो जेमतेम दीड ग्रॅम. त्यात किती उतरणार?

रानवाट
आधी साल तरी अर्जुनाची आहे का ते बघा! बाजारात ऐनाची साल मिसळतात. अर्जुनाची बाहेरून गुळगुळीत, पांढुरकी-राखाडी, पापुद्रे सुटणारी. ऐनाची काळपट, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळ. भुकटी झाली की डोळ्यांनी ओळखणं संपलं, म्हणून अख्खे तुकडे घ्या आणि घरी कुटा. खोडाभोवती पूर्ण कडं सोललेलं झाड मरतं, त्यामुळे एकाच बाजूची साल काढणाऱ्याकडूनच घ्यावी.

क्षीरपाक
हे अगदी खरं. आता कृती: भरड 5 ग्रॅम, दूध 40 मिली, पाणी 160 मिली. आधी नुसतं दूध पातेल्यात ओतून कुठवर येतं ते काडीवर खूण करून ठेवा. मग बाकीचं घालून मंद आचेवर त्या खुणेपर्यंत आटवा आणि गाळा. आच मोठी केली तर तळाला लागतं, दूध शिळं असेल तर फाटतं. हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, गोळ्या बंद तर मुळीच करू नका.
आकड्यांबद्दल एवढंच: अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 साली ओरॅक (अँटिऑक्सिडंट ताकदीचं एक माप) मूल्यांचा तक्ता मागे घेतला, कारण परीक्षानळीतल्या मूल्यावरून शरीरातला परिणाम कळत नाही.

रसायन_प्रेमी
मग तोच न्याय क्षीरपाकालाही, म्हणजे दुधातल्या काढ्यालाही लावा. दोन्ही काढे 37 अंशांवर आधी पेप्सिन, मग पॅन्क्रिएटिन या पाचक द्रव्यांनी परीक्षानळीत पचवा. केसिन तुटल्यावर टॅनिन सुटतं का, ते मोजा. तोवर माझं मत पाण्याच्याच बाजूने.